कुऱ्हाडीचा दगड कुठल्या डोंगरातला?

वाळवा तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेच्या गुरुजींनी तीन फोटो पाठवून विचारलं आहे: "कृष्णाकाठच्या मळीच्या रानात ऊस लावायला सरी सोडताना हे तीन दगड वर आले. एक घासून गुळगुळीत केलेली काळी कुऱ्हाड, एक गारगोटीची बोटभर पाती आणि एक पिवळट-गुलाबी तुकडा. रासायनिक तपासणी करून दगड नेमका कुठल्या डोंगरातला ते सांगता येतं, असं वाचलं. आमच्या दगडांचं होईल का?"

गुरुजी, आधी सरळ उत्तर देतो. कुऱ्हाडीचं थोडंफार होईल. पातीचं बहुतेक होणार नाही. आणि ज्याचा फोटो तुम्ही सगळ्यात शेवटी, हात हललेला असताना काढलाय, त्या गुलाबी तुकड्याचं सगळ्यात जास्त होईल. तुम्हाला कुऱ्हाडीचं कौतुक वाटणं साहजिक आहे, ती दिसतेच तशी देखणी. पण मला झोप लागू देणार नाही तो गुलाबी तुकडा. असं उलटं का, ते सांगायला जरा पाल्हाळ लागेल.

माझं काम दगडांच्या रासायनिक तपासणीचं. सव्वीस वर्षं झाली. या कामात माणसं येतात ती "हा दगड कुठला?" असं विचारत, आणि यंत्र उत्तर देतं ते "हा दगड कुठला नाही" एवढंच. जुळणी झाली म्हणजे पत्ता सापडला असं होत नाही. जुळणी झाली नाही, तर मात्र एक दार कायमचं बंद होतं. एवढं धरून पुढचं वाचा.

दगडात मुख्य माल सगळीकडे तोच असतो: सिलिका, ॲल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया. आपल्या काळ्या दगडात निम्म्याच्या आसपास सिलिका निघते. त्यावरून काही कळत नाही. कळतं ते चिमटीभर असलेल्या मूलद्रव्यांवरून: झिर्कोनियम, निओबियम, यिट्रियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम. दहा लाख भागांत शे-दोनशे भाग, कधी पाच-दहाच. लाव्हा जमिनीखाली वितळताना आणि वर येताना वाटेत काय काय गिळतो, त्यावर हे प्रमाण ठरतं. भूमध्य समुद्राकाठच्या ज्वालामुखी काचेची, म्हणजे ऑब्सिडियनची हत्यारं कुठल्या बेटावरून आली हे कॅन आणि रेन्फ्रू या संशोधकांनी १९६४ मध्ये याच रीतीनं लावलं आणि तिथून ही विद्या फोफावली. ऑब्सिडियन या कामाला फार गुणी. एका ज्वालामुखीची काच आतून-बाहेरून सारखी आणि शेजारच्या ज्वालामुखीची वेगळी.

पण त्यातच अट आली. १९७७ मध्ये वायगँड, हार्बॉटल आणि सेयर यांनी ती शब्दांत मांडली: दोन खाणींमधला फरक हा एकाच खाणीतल्या फरकापेक्षा मोठा असला पाहिजे. म्हणायला सोपं आहे. आपल्याकडे गाडं अडतं ते इथंच.

सातारा-सांगलीचा दगड म्हणजे काय? दख्खनचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले, आज त्यांचं क्षेत्र पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे. भूशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात सह्याद्रीचे कडे तळापासून माथ्यापर्यंत चढून, दगड गोळा करून, या थरांची रसायनावरून वंशावळ लावली. तिच्यातली नावं तुमच्या ओळखीची निघतील. महाबळेश्वरहून पोलादपूरला आंबेनळी घाटानं उतरलात, की आधी महाबळेश्वर थर, मग आंबेनळी थर, मग पोलादपूर थर असे एकाखाली एक लागतात. एसटी वळणं घेत उतरते तेव्हा आपण लाव्ह्याच्या लाखो वर्षांतून खाली जात असतो, पण बसमधल्या माणसाचं लक्ष पिशवीकडे.

या थरांत फरक आहेत आणि ते मोजता येतात. आंबेनळीचा लाव्हा वर येताना कवचाचा दगड फारसा न गिळता आला. त्याचं स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचं) गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास राहतं. पोलादपूरच्या लाव्ह्यानं जुना दगड बराच पोटात घेतला, म्हणून ते ०.७०५ च्या पुढे सरकतं आणि बेरियमही वाढतं. महाबळेश्वर थरात स्ट्रॉन्शियम आंबेनळीपेक्षा चढं. तेव्हा तुमच्या कुऱ्हाडीची भुकटी मिळाली, तर ती या वंशावळीत कुठल्या फांदीवर बसते ते बऱ्यापैकी सांगता येईल.

पण फांदी म्हणजे डोंगर नव्हे. हे थर आडवे पसरलेत, दक्षिणेकडे एक अंशाहूनही कमी झुकलेत. जो थर एका डोंगराच्या कमरेला, तोच पुढच्या डोंगराच्या कमरेला, तोच पन्नास किलोमीटरवर ओढ्याच्या तळाला. आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठी लाव्ह्याचे थोडे थर आहेत. त्यांचं रसायन आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतं. सह्याद्रीपासून ते ठिकाण जवळजवळ हजार किलोमीटरवर! उद्या तुमची कुऱ्हाड आंबेनळीशी जुळली आणि मी "ही महाबळेश्वरच्या घाटातली" असं छापून दिलं, तर ती लबाडी होईल. आपल्याकडे रसायन आडनाव सांगतं, घर नंबर सांगत नाही.

"मग बेसाल्टचं हे कामच होत नाही का?" होतं, जागा तशी पाहिजे. पॅसिफिक महासागरात तुआमोटु बेटांवर दगडी वाकसं, म्हणजे लाकूड तासायची हत्यारं सापडली. तुआमोटु म्हणजे प्रवाळाची बेटं, तिथं काळा दगड मुळातच नाही. त्यांतलं एक वाकस हवाई बेटांमधल्या काहोओलावेच्या बेसाल्टशी जुळलं, अंतर सुमारे ४००० किलोमीटर. कॉलरसन आणि वाइसलर यांनी हे २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. तिथं जमलं, कारण प्रत्येक बेटाचा लाव्हा निराळा आणि मध्ये समुद्र. आपल्याकडे एकच घराणं, आणि भाऊबंद पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेले.

म्हणून कुऱ्हाडीला प्रश्नच बदलून विचारायचा. "कुठला डोंगर?" असं नको. "ही दख्खनच्या लाव्ह्याची आहे, की दक्षिणेकडच्या जुन्या दगडाची?" असं विचारा. याचं उत्तर मिळतं. बळ्ळारीजवळ संगनकल्लूला हिरेगुड्डा नावाची टेकडी आहे. नवाश्मयुगात तिथं डोलेराइटच्या, म्हणजे बेसाल्टसारख्याच पण जमिनीखाली थिजलेल्या दगडाच्या कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा कारखानाच होता, कपच्यांचा खच पडलाय. तो डोलेराइट दख्खनच्या लाव्ह्याहून कितीतरी जुना, ग्रॅनाइटात घुसलेल्या भिंतीसारख्या पट्ट्यातला. डोळ्यांना दोन्ही काळेच. पण दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की फरक बोलायला लागतो. दख्खनच्या ताज्या दगडात फेल्डस्पार या खनिजाच्या काड्या स्वच्छ, काचेच्या तुकड्यांसारख्या दिसतात आणि त्यांच्या मध्ये पायरॉक्सिन या दुसऱ्या खनिजाचे दाणे बसलेले असतात. फार जुन्या डोलेराइटमध्ये त्या काड्या ढगाळलेल्या असतात, आणि पायरॉक्सिनचं कडेकडेनं अँफिबोल हे हिरवट खनिज होत गेलेलं असतं. जुन्या पाटीवरची अक्षरं पुसट झाल्यासारखं. अशा वेळी मी रसायनाआधी काप मागतो. काप स्वस्त, आणि तो फसवत नाही.

अडचण एकच, काप म्हणजे कुऱ्हाड कापणं. तुमची कुऱ्हाड फोटोत तरी अखंड दिसते. ती कापू नका, कुणाला कापू देऊ नका, मलाही नाही. बुडाकडचा जुना टवका उडालेला असेल, तर तिथून वाटाण्याएवढा तुकडा घेता येईल का, हे ती प्रत्यक्ष पाहून ठरवावं लागेल. वितळवून काचेची चकती करून क्ष-किरणांखाली ठेवायची, तर एक-दोन ग्रॅम भुकटी लागते. दुसरी पद्धत प्लाझ्माची, म्हणजे अतितप्त वायूची. तिला ग्रॅमचा दहावा हिस्साही पुरतो, पण मग तो हिस्सा साऱ्या दगडाचा प्रतिनिधी असला पाहिजे. भरड दाण्याच्या दगडात तो नसतो.

"हातात धरायचं यंत्र असतं ना, पिस्तुलासारखं, न फोडता सांगणारं?" आहे, माझ्याकडेही आहे. दगडावर टेकवायचं, दीड-दोन मिनिटं थांबायचं, पडद्यावर आकडे. हे यंत्र आल्यापासून आमच्या धंद्यात उतावीळ माणसं वाढली. त्यातून क्ष-किरण जातात, अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात, रिकामी जागा भरताना प्रत्येक मूलद्रव्य आपल्या ठरलेल्या ऊर्जेचा किरण बाहेर टाकतं. पण सिलिकॉन-ॲल्युमिनियमची खबर येते ती केसाहूनही पातळ अशा वरच्या सालीतून. झिर्कोनियम-स्ट्रॉन्शियमची जरा खोलातून. म्हणजे तुम्ही दगड मोजत नसता, बरंचसं त्याचं कातडं मोजत असता.

आणि तुमच्या मळीतल्या दगडाचं कातडं काय असणार, ते तुम्हीच सांगा. कृष्णाकाठची कितीतरी रानं पाण्यानं क्षारपड झालीत. उसाला वर्षानुवर्षं पाणी, वरून खतं. काळ्या मातीत चुन्याचे खडे. दगडाच्या सालीतलं सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर आत-बाहेर करत राहतं. टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियम, यिट्रियम ही मंडळी जागा सोडत नाहीत, म्हणून भरवसा त्यांच्यावर ठेवायचा. कॅल्शियमचा आकडा बघून कुणी कुऱ्हाडीचं मूळ सांगायला लागला, तर चहा पाजून वाटेला लावा.

यात मी स्वतः तोंडघशी पडलोय. साताऱ्याकडच्या एका वाडीत पिंपळाखाली देव म्हणून मांडलेली अशीच कुऱ्हाड होती. जुन्या घासलेल्या कुऱ्हाडी देवळात, झाडाखाली असणं नवीन नाही, नांगराला लागल्या की माणसं त्या देवापुढे नेऊन ठेवतात. गावानं परवानगी दिली, मी फडक्यानं पुसून घेतली, यंत्र टेकवलं. यिट्रियम असं काही चढलं की मला वाटलं, काहीतरी जगावेगळं हाती लागलं. दोन दिवस मी हवेत. मग आलेखाकडे नीट बघितलं, तर शिशाचे उंचच उंच सुळके. शेंदूर! पिढ्यान् पिढ्या लावलेला शेंदूर, तेलासकट दगडाच्या भेगांत मुरलेला. शेंदरात शिशाचं ऑक्साइड असतं, आणि शिशाची एक रेषा नेमकी यिट्रियमच्या रेषेला चिकटून पडते. यंत्रानं शिशाचं माप यिट्रियमच्या खात्यात टाकलं होतं. देवाला दंडवत घातला आणि आकडे खोडले. तेव्हापासून मी आधी विचारतो, हा दगड पुजेत होता का? तुमचा तसा दिसत नाही, तरी विचारून ठेवा.

आणखी एक. यंत्र काय म्हणतं ते ओळखीच्या दगडावर तपासल्याशिवाय मी एकही आकडा लिहीत नाही. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षणानं हवाईच्या बेसाल्टची भुकटी जगभरच्या प्रयोगशाळांकडून मोजून ठेवली आहे, तिचं नाव बीएचव्हीओ-२. तिच्यात स्ट्रॉन्शियम दहा लाखांत ३९० च्या आसपास येतं. सकाळी माझं यंत्र तिथं पोचलं नाही, तर त्या दिवशी कुऱ्हाड पिशवीतच राहते.

पातीबद्दल थोडक्यात. ती गारगोटी म्हणजे कॅल्सेडनी. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत सिलिका घेऊन पाणी शिरलं आणि साचत साचत या गाठी तयार झाल्या. नेवासा, इनामगाव अशा ताम्रपाषाण वस्त्यांमध्ये अशा पात्या भरपूर निघाल्या. पण कॅल्सेडनी जवळजवळ निव्वळ सिलिका. चिमटीभर मूलद्रव्यं असतात, पण एकाच गाठीच्या दोन टोकांना ती निराळी भेटतात. १९७७ ची अट तिथंच मोडते. शिवाय मूळ शोधायला लांब जायचं कशाला, खटाव-माणच्या माळावर, नाहीतर तुमच्याच नदीच्या वाळूत अशा गाठी पायाखाली येतात. पातीवर दगडाची मूळ साल राहिली असेल, तर ती मात्र बघा. गोटीसारखी गुळगुळीत आणि टिचे पडलेली साल असली, तर माल नदीतून उचललेला. खरखरीत, पांढुरकी, बुडबुड्याच्या भिंतीचा ठसा घेतलेली असली, तर कातळातून काढलेला. भिंगानं पाच मिनिटांत कळतं. त्यासाठी प्रयोगशाळा नको.

आता गुलाबी तुकडा.

फोटो हललाय, तरी फुटलेल्या कडेला साखरेसारखा दाणा चमकतो हे दिसतं. रंग पिवळट-गुलाबी. माझा अंदाज क्वार्टझाइट, म्हणजे जुनी वाळू दाबली जाऊन, सिलिकानं सांधली जाऊन झालेला दगड. आता तुमच्या गावात उभं राहून नदीच्या वरच्या अंगाला बघा. कृष्णा उगवते महाबळेश्वरला, लाव्ह्यात. वाटेत वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना मिळतात, सगळ्या लाव्ह्यातून वाहणाऱ्या. वारणा तर तुमच्या खाली हरिपुरात मिळते, पण तीही काळ्या दगडातलीच. या नद्या काळा दगड आणतील, गारगोटी आणतील, माथ्यावरचा जांभा आणतील. क्वार्टझाइट आणायला त्यांच्याकडे तो नाहीच. तो आहे दक्षिणेकडे. कर्नाटकात गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो, तो कलादगी नावाच्या अशाच जुन्या वाळूच्या खडकांचा. तुमच्या तालुक्यापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे किलोमीटर. आणि तिकडची घटप्रभा कृष्णेला मिळते ती सांगलीच्या पुष्कळ खाली. नदी काही उलटी वाहत नाही. म्हणजे तो तुकडा खरंच जुना असेल आणि खरंच क्वार्टझाइट असेल, तर तो पाण्यानं आलेला नाही, माणसाच्या हातानं आलाय. एक आकडाही न मोजता एवढं कळतं. नदीचा नकाशा पुरतो.

पुढचं काम रसायनाचं, पण इथंही सरळ मोजणी उपयोगाची नाही, कारण हाही बहुतांश सिलिकाच. इथं वाळूच्या दाण्यांमधले झिर्कॉन या टणक खनिजाचे सूक्ष्म स्फटिक वेचायचे आणि युरेनियमचं शिसं किती झालं त्यावरून एकेकाचं वय काढायचं. ती वाळू कुठल्या जुन्या डोंगरांची झीज होऊन आली, त्याची जणू जन्मपत्रिकाच निघते. इंग्लंडातल्या स्टोनहेंजच्या मधोमध सुमारे सहा टनांची एक शिळा आडवी पडली आहे, तिला 'ऑल्टर स्टोन' म्हणतात. १९२३ पासून शंभर वर्षं ती वेल्सची असंच सगळे धरून चालले होते. मग तिच्यात बेरियम फार चढं आहे आणि वेल्सकडच्या त्या वालुकाश्माशी ते बसत नाही, असं २०२३ मध्ये निघालं. म्हणजे आधी "नाही" आलं. आणि २०२४ मध्ये झिर्कॉन आणि इतर खनिजांच्या वयांवरून ती थेट उत्तर स्कॉटलंडच्या खोऱ्याशी जुळली, ७०० किलोमीटरहून लांब. शंभर वर्षांचं गृहीत एका "नाही"नं हललं, तेव्हा कुठं खरा शोध सुरू झाला.

तर कामाचं बोलू. तिन्ही दगड ॲसिडनं धुऊ नका, ब्रशनं घासू नका, वॉर्निश तर नकोच (हसू नका, वॉर्निश लावलेली हत्यारं माझ्याकडे आली आहेत). मातीसकट वेगवेगळ्या कागदात गुंडाळा. कुठल्या सरीत, किती खोलीवर निघाले ते आठवतंय तोवर लिहून ठेवा, आणि त्या जागेचा मोबाईलवरून ठिकाणा घ्या. जवळ गावाची जुनी पांढर आहे का, रानात खापरं दिसतात का, हे बघा, पण उकरू नका. राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा आहे, आणि कागद केलेला असला की पुढे तुमचंच काम सोपं होतं. मग मुलांना घेऊन नदीवर जा आणि पाण्यातले साधे गोटे वेचा, चाळीस-पन्नास, डोळे झाकून वेचावेत तसे. छान दिसतात म्हणून नव्हे. माझ्या दृष्टीनं ती पिशवी कुऱ्हाडीपेक्षा मोलाची, कारण नदी काय आणते हे ठाऊक झाल्याशिवाय ती काय आणत नाही हे मला कुणाला पटवून देता येणार नाही. त्या पिशवीत एक जरी गुलाबी क्वार्टझाइट निघाला, तर मी वर लिहिलेलं सगळं मागे घेईन.

आणि हे पाठवण्याआधी एक करा. मिरज तालुक्यातल्या एका रानातून असाच दाणेदार, पिवळसर तुकडा मी मोठ्या उत्साहानं घेऊन निघालो होतो. एका बाजूनं घासलेला, जरा खोलगट, माझ्या मते तर घासण्याच्या पाट्याचाच तुकडा. रानाच्या मालकांच्या आई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "ही आमची सहाण. धाकट्यानं पाडली. उकिरड्यावर टाकलेली." तो उकिरडा दरसाल शेणखताबरोबर रानात जात होता. तेव्हा तुमचा तो गुलाबी तुकडा आधी गावातल्या दोन-चार म्हाताऱ्या बायकांना दाखवा. सहाण म्हणा, धार लावायचा दगड म्हणा, बाजारातून आणलेलं काही त्यांच्या ओळखीचं निघतंय का ते विचारा. त्यांनी "असला दगड कधी बघितला नाही" म्हटलं, तर त्याच दिवशी मला फोन करा.